फ्लाइट लेट झाल्याची भरपाई मिळवून देणारी क्लेम कंपनी: १८०० युरो मंजूर, हातात ९००

आधीच सांगून टाकते, पैसे मिळाले. कुणी फसवलं नाही, बुडवलं नाही, उलट एअरलाइनने दोनदा नाही म्हटलेलं काम यांनी करून दाखवलं, त्यामुळे "अजिबात जाऊ नका" असा हा रिव्ह्यू नाहीये. पण साइटवर मोठ्या अक्षरात जो आकडा दिसतो आणि शेवटी बँकेत जो जमा होतो त्यात निम्म्याचा फरक पडला, आणि तो का पडला हे मला सही करायच्या आधी कुणीतरी नीट सांगायला हवं होतं असं आजही वाटतं, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय. कंपनीचं नाव लिहीत नाही. मी सही करायच्या आधी अजून दोन-तीन अशा कंपन्यांच्या अटी वाचल्या होत्या आणि फॉर्म, फी, अटी सगळं साधारण एकाच छापाचं होतं, त्यामुळे नावापेक्षा पद्धत कळणं महत्त्वाचं.

झालं असं की आई, मी आणि माझा धाकटा भाऊ असे तिघं युरोपातून परत येत होतो. एकच बुकिंग, एकच पीएनआर, आधी छोटी फ्लाइट आणि मग लांबची. मधे दीड तास. पहिलं विमान ५५ मिनिटं उशिरा सुटलं. पायलटनेच अनाउन्समेंट केली की क्रू दुसऱ्या फ्लाइटवरून येतोय, ती फ्लाइट उशिरा आली म्हणून थांबलोय. आम्ही तिघांनीही ऐकलं. आता मागे वळून बघितलं तर त्या एका वाक्याची किंमत किती होती ते कळतं, पण तेव्हा आम्ही फक्त घड्याळाकडे बघत होतो.

उतरलो, पळत सुटलो, पासपोर्टच्या रांगेत अडकलो आणि गेटवर पोचलो तर गेट बंद. काचेतून विमान दिसत होतं. आई म्हणाली, "अगं, विमान तर उभंच आहे की, सांग ना कुणाला तरी." सांगितलं, काही उपयोग झाला नाही. मग ट्रान्सफर काउंटरवर दोन तास रांग, आणि शेवटी पुढची सीट दुसऱ्या दिवशीची. घरी पोचलो तेव्हा ठरलेल्या वेळेपेक्षा १८ तास उशीर झाला होता. रात्रीच्या हॉटेलचं विचारलं तर काउंटरवरची मुलगी म्हणाली आमच्याकडच्या खोल्या संपल्या, तुम्ही तुमचं बघा आणि बिलं जपून ठेवा. ती "बिलं जपून ठेवा" म्हणाली याबद्दल मी तिची खरंच आभारी आहे, ते पुढे येईलच.

आता नियम काय आहे ते थोडक्यात, कारण त्याशिवाय कंपनीने काय केलं आणि काय नाही ते कळणार नाही. युरोपियन युनियनचा एक कायदा आहे, नंबर २६१/२००४, तो १७ फेब्रुवारी २००५ पासून लागू आहे. युनियनमधल्या कुठल्याही एअरपोर्टवरून निघणारी फ्लाइट असेल तर एअरलाइन कुठल्याही देशाची असो, तो लागू होतो. बाहेरून युनियनमध्ये येत असाल तर मात्र एअरलाइन तिथलीच असावी लागते. पासपोर्ट कुठला आहे याचा काही संबंध नाही, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, आपण युरोपातले नाही मग आपल्याला कोण देणार असं समजून लोक सोडून देतात. रक्कम अंतरावर ठरते. १५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, १५०० ते ३५०० मध्ये ४००, आणि त्याच्या वर, युनियनच्या बाहेर जाणारी फ्लाइट असेल तर ६००. हे माणशी. तिकीट स्वस्तात काढलं का महागात याने काही फरक पडत नाही, सीट घेऊन बसलेल्या लहान मुलालाही तेवढेच मिळतात, फुकट मांडीवर आलेल्या बाळाला नाही.

गंमत म्हणजे मूळ कायद्यात हे पैसे फक्त फ्लाइट कॅन्सल झाली किंवा तिकीट असून चढू दिलं नाही तरच लिहिलेले आहेत. उशिराचे नाहीत. २००९ मध्ये युरोपियन कोर्टाने ठरवलं की तीन तास किंवा जास्त उशिरा पोचलेल्या माणसाला झालेला त्रास कॅन्सल झालेल्याइतकाच आहे, त्यालाही भरपाई द्या, आणि २०१२ मध्ये ते पुन्हा पक्कं केलं. म्हणजे आपण आज जे हक्काने मागतो त्यातलं बरंचसं लोकांनी कोर्टात भांडून मिळवलेलं आहे आणि म्हणूनच एअरलाइनच्या मेलमध्ये ते आपणहून लिहिलेलं सापडत नाही. मला हे समजलं तेव्हा या लोकांबद्दल फार आदर वाटला, कुणीतरी शेवटपर्यंत केस लढवली म्हणून आज आपल्याला एक फॉर्म भरून पैसे मागता येतात.

आमच्या केसमधला कळीचा मुद्दा म्हणजे ते ५५ मिनिटं. परत आल्यावर चौथ्या दिवशी मी स्वतः एअरलाइनच्या साइटवर क्लेम टाकला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, तुमची फ्लाइट फक्त ५५ मिनिटं लेट होती, तीन तासांच्या आत, भरपाई बसत नाही. वाचून वाटलं खरंच आहे की. भाऊ म्हणाला, "ताई, आपण पोचलो किती वाजता ते बघ ना, विमान सुटलं किती वाजता त्याचं काय." मग शोधाशोध केली तर २०१३ चा कोर्टाचा निकाल सापडला, एकाच बुकिंगवर कनेक्टिंग फ्लाइट असेल तर शेवटच्या ठिकाणी किती उशिरा पोचलात ते मोजायचं, पहिलं विमान थोडंसंच लेट होतं हे कारण चालत नाही. दोन वेगळी तिकिटं काढली असती तर मात्र गेलं होतं, हे लक्षात ठेवा, स्वस्त पडतात म्हणून वेगवेगळी तिकिटं काढतो तेव्हा हा हक्क आपण सोडून देत असतो.

तो निकाल टाकून मी दुसरा मेल केला. पाच आठवडे काही नाही. मग उत्तर आलं की त्या दिवशी खराब हवामान होतं, ही असाधारण परिस्थिती आहे, सबब भरपाई देता येत नाही, तुमची केस बंद करत आहोत. पहिल्या मेलमध्ये हवामानाचा शब्द नव्हता! आणि पायलटने तर क्रूचं सांगितलं होतं. पण ते मी सिद्ध कशाने करणार, माझ्याकडे ना रेकॉर्डिंग ना मेसेज. इथे मी हरले होते खरं तर. चिडचिड, रोज मेल उघडून बघणं, आईचं "जाऊ दे गं आता" सुरू झालं होतं. तेव्हा जानेवारीत भावाने ही कंपनी शोधली.

साइट छान आहे, त्याबद्दल तक्रार नाही. फ्लाइट नंबर आणि तारीख टाकली की लगेच सांगतात क्लेम बसतो का. कनेक्टिंगचं त्यांना पहिल्याच पानावर विचारायचं सुचलेलं आहे, ते आवडलं, म्हणजे ज्या मुद्द्यावर एअरलाइनने आम्हाला पहिल्यांदा परत पाठवलं होतं तो इथे आपोआप सुटला. तीन प्रवासी, १८०० युरो, असा हिरव्या चौकटीत आकडा आला. खाली बारीक अक्षरात, पैसे मिळाले तरच फी. फी ३५ टक्के. मी मनात हिशोब केला, ६३० जातील, ११७० उरतील, नाहीतरी शून्यच होते, चला.

कागदपत्रं म्हणजे बोर्डिंग पास, बुकिंगचा मेल, पासपोर्टचा फोटो आणि एक अधिकारपत्र, ज्यावर प्रत्येक मोठ्या माणसाची वेगळी सही लागते. मोबाइलच्या स्क्रीनवर बोटाने सही करायची होती. आईने बोटाने केलेली सही पासपोर्टशी जुळेना म्हणून परत आली, दोनदा, मग कागदावर पेनाने करून स्कॅन करून पाठवली तेव्हा चालली. घरात मोठी माणसं असतील तर सरळ पहिल्यापासून कागदावरच करा, आमचे यात बारा दिवस गेले. बोर्डिंग पास माझ्या आणि भावाच्या फोनमध्ये होते, आईचा मात्र कागदी होता आणि तिने तो पर्समध्ये जपून ठेवला होता, तिची सवय कामाला आली.

ते अधिकारपत्र सही करायच्या आधी पूर्ण वाचा. मी अर्धं वाचलं. त्यात असं असतं की आता या क्लेमबद्दल एअरलाइनशी तुम्ही स्वतः बोलायचं नाही, एअरलाइनने थेट तुम्हाला पैसे दिले तरी कंपनीची फी द्यावी लागेल, आणि मधेच माघार घेतलीत तरी झालेल्या कामाचा खर्च मागू शकतात. काही कंपन्या तर अधिकारपत्राऐवजी क्लेमच स्वतःच्या नावावर लिहून घेतात, म्हणजे मग तो तुमचा राहतच नाही. बेकायदेशीर काही नाही यात, धंदा म्हणून समजूही शकते, पण ही गोष्ट हिरव्या चौकटीत यायला हवी होती.

पुढचे नऊ आठवडे डॅशबोर्डवर एकच वाक्य, "एअरलाइनच्या उत्तराची वाट पाहत आहोत". मी चार मेल टाकले, चारही वेळा तेच तयार उत्तर. फोन नंबर नाही. ही माझी पहिली खरी तक्रार. माणसाला नऊ आठवडे काही कळलं नाही तर त्याला वाटणारच की विसरले.

आणि याच काळात एअरलाइनने मला थेट मेल करून ९०० युरोचं व्हाउचर देऊ केलं! तिघांचं मिळून, एका वर्षात वापरायचं, आणि स्वीकारलं तर प्रकरण कायमचं मिटलं असं लिहून. हे असं का होतं ते मला नंतर कळलं, क्लेम कंपनीची नोटीस गेली की एअरलाइनला समजतं आता हे लोक सोडणार नाहीत, मग आधी प्रवाशालाच स्वस्तात गाठायचं. आई म्हणाली घेऊन टाका, निदान पुढच्या वेळचं तिकीट निघेल. पण मी कायदा वाचला होता, त्यात साफ लिहिलंय की भरपाई रोख, बँकेतून किंवा चेकने द्यायची, व्हाउचर द्यायचं तर प्रवाशाची सही घेऊनच. म्हणजे नाही म्हणायचा हक्क आपला. आणि दुसरीकडे कंपनीची अट अशी की थेट काहीही स्वीकारलं तरी त्यांची फी रोखीत द्यायची, म्हणजे हातात व्हाउचर आणि खिशातून युरो. ही अट मला तो मेल आल्यावर समजली, सही करताना नाही. मी मेल जसाच्या तसा कंपनीला फॉरवर्ड केला. आणि इथे पहिल्यांदा एका खऱ्या माणसाचं उत्तर आलं, त्यांच्या केस बघणाऱ्या बाईंचं, दुसऱ्याच दिवशी, नीट समजावून, की घेऊ नका, तुमची केस भक्कम आहे, कारण सांगते.

त्यांनी जे कारण सांगितलं त्यासाठी मी या कंपनीला मनापासून मार्क देते. त्यांनी त्या एअरपोर्टचा त्या तासाचा हवामानाचा नोंदवलेला रिपोर्ट काढला होता. वारा साधा, दृश्यमानता चांगली. त्याच तासात त्याच एअरपोर्टवरून सुटलेल्या बाकीच्या फ्लाइट्सची यादी काढली होती, बहुतेक वेळेवर गेलेल्या. आणि आमचं विमान त्याआधी कुठून आलं, कधी आलं, तेही. विमान तर वेळेत येऊन उभं होतं, थांबलं ते क्रूसाठीच. म्हणजे पायलटने सांगितलेलं खरं होतं आणि त्याचा पुरावा आमच्याकडे नसला तरी जगात होता. हे मला घरी बसून जमलं नसतं. कदाचित जमलं असतं, पण कुठे शोधायचं हेच माहीत नव्हतं. दुसरं त्यांनी हे सांगितलं की असाधारण परिस्थिती होती हे सिद्ध करायची जबाबदारी कायद्याने एअरलाइनवर आहे, आणि नुसती परिस्थिती होती एवढं पुरत नाही, शक्य ते सगळे उपाय करूनही टाळता आलं नसतं हेही दाखवावं लागतं. मी उगाच महिनाभर स्वतःला दोष देत बसले होते की रेकॉर्डिंग का नाही केलं.

हा असाधारण परिस्थितीचा शब्द एअरलाइन सगळ्यात जास्त वापरतात म्हणून त्याबद्दल चार ओळी जास्त लिहिते. वादळ, एअरपोर्टच बंद होणं, एअर ट्रॅफिक कंट्रोलने थांबवणं, पक्षी धडकणं (यावर २०१७ चा निकाल आहे), या गोष्टी सहसा असाधारण धरतात, तिथे भरपाई अवघड. पण विमानातला साधा तांत्रिक बिघाड धरत नाहीत, २००८ पासून कोर्टाचं म्हणणं आहे की विमान चालवायचं म्हणजे बिघाड येणारच, तो तुमच्या रोजच्या कामाचा भाग. एअरलाइनच्या स्वतःच्या स्टाफचा संपही धरत नाहीत, त्यावर २०१८ आणि २०२१ चे निकाल आहेत. क्रू वेळेत हजर नसणं तर त्यांचं घरचंच काम झालं. त्यामुळे "ऑपरेशनल कारणांमुळे" असं मोघम लिहून आलं तर घाबरू नका, नेमकं कोणतं कारण ते लेखी मागा. उशीर मोजतानाही एक गोष्ट, चाकं जमिनीला लागली ती वेळ धरत नाहीत, विमानाचं एखादं तरी दार उघडून माणसं उतरू शकतील ती वेळ धरतात, २०१४ पासून. दोन तास पन्नास मिनिटं उशीर असेल तर हे दहा मिनिटंच २५० किंवा ४०० युरो ठरवू शकतात. आणि ३५०० किलोमीटरच्या वरच्या प्रवासात उशीर तीन ते चार तासांमधला असेल तर निम्मे म्हणजे ३०० देतात, हेही माहीत असू द्या.

परत कंपनीकडे. मार्चमध्ये एअरलाइनने त्यांनाही नाही म्हटलं. मे महिन्यात डॅशबोर्डवर स्टेटस बदललं, "कायदेशीर कारवाई". एक बटण होतं, मान्य आहे. मी दाबलं. जुलैच्या शेवटी एअरलाइनने १८०० युरो दिले, पूर्ण. कोर्टात केस दाखल झालीच नाही, वकिलाचं पत्र गेलं आणि त्यावरच मिटलं. घरात सगळ्यांना किती आनंद झाला सांगू शकत नाही, पैशापेक्षा आपण खरं बोलत होतो हे मान्य झालं याचा. ऑगस्टच्या मध्यात पैसे आमच्या खात्यात आले, ९००.

मला वाटलं काहीतरी चुकलं. मेल केला. उत्तर आलं की फी ३५ टक्के, आणि कायदेशीर कारवाई लागल्यास आणखी १५ टक्के, असे ५०. पण कोर्टात कुठे गेलो आपण? तर अटींमध्ये कायदेशीर कारवाईची व्याख्या अशी आहे की केस बाहेरच्या वकिलाकडे दिली त्या क्षणापासून. पत्र पाठवलं काय आणि खटला चालवला काय, टक्के तेच. ते जे बटण मी दाबलं त्याच्या खाली ही अट होती, लिंकमध्ये, तिसऱ्या पानावर. १५ टक्के म्हणजे २७० युरो, एका पत्राचे. ते पत्र मी मागवून घेतलं, दीड पानाचं आहे. चांगलं आहे, मुद्देसूद आहे, त्याशिवाय एअरलाइन हलली नसती हेही खरं. पण बटणावरच "आता फी ५० टक्के होईल" एवढं वाक्य लिहायला काय हरकत होती? मी तरीही दाबलं असतं. मला फसवल्यासारखं वाटलं नसतं. एवढाच फरक आहे, पण माझ्या लेखी तो मोठा आहे.

युरोपाबाहेरच्या खात्यात पैसे मागवताना अजून एक, फॉर्ममध्ये युरोपातल्या बँकेसारखा खाते नंबर मागतात, आपल्याकडे तो नसतो, मग वेगळा फॉर्म, स्विफ्ट कोड, बँकेचा पत्ता, आणि पाठवणावळ आपल्याकडून. तिघांचे पैसे तीन खात्यांत न मागवता एकाच खात्यात मागवा, पाठवणावळ एकदाच लागेल.

आता भावाची गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय हा रिव्ह्यू अर्धवट राहील. आमचा क्लेम कंपनीकडे पडून असतानाच तो कामासाठी परत युरोपात गेला होता, आणि त्याची तिथल्या तिथली एक छोटी फ्लाइट, १५०० किलोमीटरच्या आतली, निघायच्या दिवशीच कॅन्सल झाली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या फ्लाइटमध्ये घातलं. कॅन्सलचा नियम असा आहे की १४ दिवस आधी कळवलं तर भरपाई नाही, त्याच्यापेक्षा कमी वेळ असेल तर पर्यायी फ्लाइट किती आधी सुटते आणि किती उशिरा पोचते यावर ठरतं, आणि आयत्या वेळी कॅन्सल करून दुसऱ्या दिवशी पाठवलं तर सरळ बसते. तो आमच्या अनुभवातून शहाणा झालेला. मेसेज आला, "क्रू उपलब्ध नसल्यामुळे फ्लाइट रद्द", त्याने लगेच स्क्रीनशॉट काढला. बोर्डाचा फोटो काढला. काउंटरवर जाऊन कारण लेखी द्या म्हणाला, तिथे एक छापील कागद मिळाला, हक्कांची माहिती असलेला, तो द्यायचं एअरलाइनवर बंधनच आहे. त्याच रात्री हॉटेलवर बसून एअरलाइनच्या साइटवर क्लेम टाकला, कायद्याचं नाव, अंतर, रक्कम, स्क्रीनशॉट, बँक डिटेल्स, आठ-दहा ओळींत. पाच आठवड्यांत २५० युरो पूर्ण. एक पैसा कुणाला दिला नाही.

दोन्ही केसेस समोरासमोर ठेवल्यावर मला जे दिसतं ते असं, की कंपनीला आपण जी फी देतो ती जास्त करून पुराव्याची असते. भावाकडे कारण एअरलाइनच्याच शब्दांत लेखी होतं म्हणून त्यांना हवामान आठवायला जागाच उरली नाही. आमच्याकडे ते नव्हतं, म्हणून ते दुसऱ्या कुणीतरी खणून काढलं आणि त्याचे ९०० घेतले. उशीर होतोय असं कळल्याच्या पहिल्या अर्ध्या तासात, अजून कुणाच्या डोक्यात भरपाईचा विचारही नसताना, स्टाफ खरं कारण सहज बोलून जातो, ते तिथेच मेसेजवर, ॲपवर, चॅटवर लेखी मिळवा. पायलट सांगत असेल तर वेळ टाकून फोनमध्ये लिहून ठेवा, शेजारच्या प्रवाशाचा नंबर घ्या.

मग कंपनीकडे जावं का? माझं मत, पहिला क्लेम नेहमी स्वतः टाका, फुकट आहे, आणि साध्या सरळ केसमध्ये मिळूनही जातात. विमान ज्यांनी प्रत्यक्ष चालवलं त्या एअरलाइनकडे टाका, तिकीट दुसऱ्याच्या नावाने असलं तरी. नाही म्हणाले तर त्या त्या देशाची सरकारी यंत्रणा असते तिथे तक्रार करता येते, काही देशांत कोर्टाबाहेर वाद सोडवणाऱ्या संस्थाही आहेत. तेही करून झालं, किंवा करायला वेळच नाही, किंवा एअरलाइन कारण बदलत राहिली, आणि तुमच्या हातात पुरावा नाही, तर कंपनी. आमच्यासारख्या केससाठी मी परत याच कंपनीकडे जाईन, ५० टक्के माहीत असूनही. भावासारख्या केससाठी जाणार नाही, ते म्हणजे स्वतःच्या खिशातले ३५ टक्के काढून देणं.

मुदतीचं बघा मात्र. युरोपभर एकच मुदत नाही, ज्या देशातल्या कोर्टात जायचं तिथला कायदा लागतो. जर्मनीत तीन वर्षं आणि तीही त्या वर्षाच्या अखेरीपासून मोजतात, स्पेनमध्ये पाच, पण बेल्जियम आणि पोलंडमध्ये एकच वर्ष. ब्रिटन बाहेर पडल्यावर त्यांनी हाच कायदा स्वतःचा म्हणून ठेवला आहे, रक्कम पौंडांत, २२०, ३५० आणि ५२०, आणि इंग्लंडमध्ये सहा वर्षं मिळतात. म्हणजे दोन-तीन वर्षांपूर्वीचा जुना प्रवास असेल तर तोही काढून बघा. हा कायदा जिथे लागूच होत नाही अशा बऱ्याच आंतरराष्ट्रीय प्रवासांना १९९९ चा माँट्रियल करार आहे, पण त्यात ठरलेली रक्कम नसते, उशिरामुळे तुमचं खरोखर किती नुकसान झालं ते बिलांनिशी दाखवावं लागतं आणि दोन वर्षांच्या आत दावा करावा लागतो. आणि जून २०२५ मध्ये युनियनच्या देशांच्या मंत्र्यांनी तीन तासांची अट चार आणि सहा तासांवर न्यायची भूमिका घेतली आहे, त्यामुळे क्लेम टाकायच्या दिवशी नियम काय आहे ते एकदा तपासून घ्या.

शेवटचं राहिलं, त्या हॉटेलच्या बिलाचं. कंपनीने फक्त ६०० युरोवाली ठरलेली भरपाई मागितली. हॉटेल, टॅक्सी, जेवण हा खर्च वेगळा असतो, जेवण आणि राहायची सोय करणं हे एअरलाइनचं कर्तव्यच आहे, आणि ते असाधारण परिस्थितीतही सुटत नाही. २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने विमानं बंद पडली होती त्यावरच्या एका केसमध्ये कोर्टाने २०१३ साली हेच सांगितलं. कंपनीच्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या खर्चाचे क्लेम आम्ही घेत नाही, तुम्ही स्वतः टाका, आमच्या फीशी त्याचा संबंध नाही. प्रामाणिकपणे सांगितलं, पण मी विचारलं म्हणून. ऑगस्टच्या शेवटी मी हॉटेल, टॅक्सी आणि जेवणाची सगळी बिलं जोडून एअरलाइनला मेल टाकला, काउंटरवरच्या मुलीने स्वतः बघा म्हणून सांगितल्याचं लिहून. परवा उत्तर आलंय, हॉटेल आणि जेवणाचं मंजूर, टॅक्सीची पावती पुसट आहे, पुन्हा पाठवा म्हणतायत. आईच्या पर्समध्ये मूळ पावती आहे, आज तिचा उजेडात नीट फोटो काढून पाठवतेय.

कंपनीला पाचपैकी साडेतीन. काम आणि पुराव्याच्या शोधासाठी पूर्ण मार्क, नऊ आठवड्यांच्या शांततेचा एक कापला, आणि त्या बटणाचा अर्धा.